सव्वाशे रुपयांची सनद आणि लॉ कॉलेजचा दरवाजा

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की दरवर्षी फोन सुरू होतात. "सर, जयभीम. लॉला ॲडमिशन घ्यायचंय. काय काय लागतं?" मीही सवयीने यादी सांगतो : सीईटीचं स्कोअरकार्ड, मार्कशीट, टीसी, डोमिसाईल, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, उत्पन्नाचा दाखला, गॅप असेल तर प्रतिज्ञापत्र. व्हॉट्सॲपवर ही यादी वर्षानुवर्षं फिरते आहे आणि ती चुकीची नाही. पण तिच्यात एक गोष्ट कुणीच लिहीत नाही. यातली कोणती अट कायद्याने घातलेली आहे, कोणती प्रशासनाने आणि कोणती नुसती खिडकीवर बसलेल्या माणसाने? वकील होऊ पाहणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. आणि तो विचारायचा तर या दरवाजाचा इतिहास माहीत असावा लागतो.

सुरुवात शेवटच्या दरवाजापासून करतो, कारण तिथे काय घडलं ते अगदी ताजं आहे.

लॉ पास झाल्यावर बार कौन्सिलकडून सनद घ्यावी लागते. त्याची फी ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१च्या कलम २४(१)(फ) मध्ये स्पष्ट लिहिलेली आहे. सर्वसाधारण उमेदवाराला ६०० रुपये राज्य बार कौन्सिलला आणि १५० रुपये बार कौन्सिल ऑफ इंडियाला, एकूण ७५०. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १०० आणि २५, म्हणजे एकूण सव्वाशे रुपये. हे आकडे १९९३च्या दुरुस्तीपासून कायद्याच्या पुस्तकात छापलेले आहेत. प्रत्यक्षात वेगवेगळ्या राज्यांच्या बार कौन्सिल किती घेत होत्या? पंधरा हजारांपासून ते चाळीस हजारांच्या वर. लायब्ररी फंड, वेलफेअर फंड, आयकार्ड, व्हेरिफिकेशन, प्रोसेसिंग अशी नावं देऊन. देशभरातल्या लाखो कायदा-पदवीधरांनी, म्हणजे ज्यांनी कलमं वाचायचं शिक्षण घेतलं त्यांनी, हे पैसे मुकाट भरले. आपल्या पोरांनी आईचे दागिने गहाण ठेवून भरले. अखेर गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ३० जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कलमात लिहिलंय त्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येणार नाही, आणि अशी भरमसाठ फी वंचित समाजातून येणाऱ्यांना या व्यवसायाबाहेर ठेवते. निकाल पुढच्या काळासाठी लागू केला. आधी घेतलेले पैसे परत मिळाले नाहीत.

कायदा एक सांगतो, दरवाजावर दुसरंच मागितलं जातं. ही गोष्ट नवी नाही. वकिलीच्या शिक्षणाच्या आणि व्यवसायाच्या दारात ती दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ साली सुरू झालं. मुंबई विद्यापीठाच्याही दोन वर्षं आधी. पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज १९२४चं, नागपूरचं विद्यापीठाचं लॉ कॉलेज (आज त्याला बाबासाहेबांचं नाव आहे) १९२५चं. या कॉलेजांच्या नियमात "अस्पृश्यांना प्रवेश नाही" असं लिहिण्याची गरजच नव्हती. वकिलीच्या वर्गात बसायचं तर आधी कॉलेज, त्याआधी मॅट्रिक, त्याआधी शाळा, आणि शाळेत वर्गाबाहेर पोत्यावर बसणाऱ्या पोराने तिथवर पोचायचं कसं? गाळणी इतकी आधी लावलेली होती की शेवटच्या दारावर पहारेकरी ठेवायची गरज नव्हती. म्हणून त्या काळातल्या कायद्याच्या शिक्षणाचा इतिहास लिहिणारे खुशाल लिहितात की प्रवेश "गुणवत्तेवर" आणि सर्वांना खुला होता.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र पहारेकऱ्याला तोंड उघडावं लागलं, आणि ते तरुण वकिलांनी जरूर वाचावं. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पुढे मुंबई विद्यापीठाची एलएल.बी.ही मिळवली. तरी त्यांना वर्षानुवर्षं सनद मिळाली नाही. १९१६ मध्ये रेजिना गुहा कलकत्ता हायकोर्टात गेल्या. १८७९च्या लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टमध्ये पात्र "व्यक्ती"ला वकील होता येईल अशी भाषा होती. कोर्टाने ठरवलं की इथे "व्यक्ती" म्हणजे पुरुष. काही वर्षांनी पाटणा हायकोर्टात सुधांशुबाला हाजरा यांनाही हेच उत्तर मिळालं. कायद्यात बंदी कुठेच लिहिलेली नव्हती. वाचणाऱ्याने ती वाचली. शेवटी १९२३ साली खास कायदा करून स्त्रियांना हा व्यवसाय मोकळा करावा लागला.

याच काळात दरवाजा आतून उघडण्याचं एक काम कोल्हापुरात झालं. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात अस्पृश्य समाजातल्या काही तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. आपल्या व्याख्यानांमध्ये ५० टक्के आरक्षणाचा १९०२चा हुकूम नेहमी येतो, माणगाव परिषद येते, या सनदा मात्र एखाद्या ओळीत उरकल्या जातात. माझ्या मते त्यांचं महत्त्व फार मोठं आहे. आधी पोरं पदवीधर होऊ देत, मग वकील होतील, अशी वाट बघितली असती तर आणखी दोन पिढ्या गेल्या असत्या. महाराजांनी उलटा विचार केला. कोर्टात ज्याची केस आहे त्याच्या बाजूने उभा राहणारा माणूस त्याच्यातलाच असावा, आणि तो आज असावा. पात्रता ही सत्ता असलेल्या माणसाने ठरवलेली गोष्ट असते आणि सत्ता असलेला माणूस ती बदलू शकतो, हे त्या सनदांनी दाखवलं.

आता बाबासाहेबांच्या ॲडमिशनकडे येऊ. आपण "बॅरिस्टर आंबेडकर" हे शब्द इतक्या सहज उच्चारतो की ती पदवी मिळायला काय काय लागलं याचा हिशोब कुणी मांडत नाही.

कोलंबियातला अभ्यास आटोपून बाबासाहेब १९१६ साली लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. वय २५. तिथे प्रवेश मिळाला म्हणजे झालं असं नव्हतं. इनच्या भोजनगृहात ठरावीक जेवणं घेऊन "टर्म" भराव्या लागत, म्हणजे लंडनमध्ये राहावं लागे, म्हणजेच पैसे लागत. दुसऱ्याच वर्षी बडोद्याची शिष्यवृत्ती संपली. शिक्षण अर्धवट टाकून १९१७ मध्ये परत यावं लागलं. लंडनच्या संस्थेने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती, एवढाच आधार. मग बडोद्यातली नोकरी आणि पारशी खानावळीतून झालेली हकालपट्टी. त्यानंतर नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी. पगारातून पै-पै बाजूला टाकली, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिलं, तेव्हा कुठे १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. वय ३१.

मायदेशी आल्यावर १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टाची सनद घ्यायची तर तिची फी भरायला पैसे नव्हते. पुन्हा नवल भथेनाच धावून आले. दोन खंडांतल्या पदव्या घेतलेला माणूस सनदेच्या फीसाठी अडला होता. म्हणून वर सव्वाशे रुपयांची गोष्ट आधी सांगितली.

आणि सनद मिळाल्यावर? हायकोर्टाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरला काम मिळे ते सॉलिसिटरच्या हातून. सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ कशाला देतील? बाबासाहेबांना अपील शाखेत, मोफसलच्या कोर्टांत, गोरगरिबांच्या कामांत उभं राहावं लागलं. घर चालवायला बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' खटल्यात जेधे-जवळकरांच्या बाजूने पुण्याच्या सेशन्स कोर्टात उभे राहून त्यांना सोडवलं. आणि ज्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजच्या दारापर्यंत आपल्या समाजातलं कुणी पोचण्याची सोय नव्हती, तिथे आधी प्राध्यापक आणि जून १९३५ मध्ये प्राचार्य झाले. रमाई २७ मे १९३५ला गेल्या. ती खुर्ची त्यांनी सांभाळली ती त्या दुःखाच्या पंधरवड्यात. पुढच्याच वर्षी कॉलेजच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातल्या कायद्याच्या शिक्षणात काय सुधारणा हव्यात यावर लेख लिहिला. त्याच वर्षी 'जातिप्रथेचे निर्मूलन' प्रसिद्ध झालं. म्हणून असेल, पण कायद्याच्या शिक्षणावरचा तो लेख आपल्यात फारसा कुणी वाचत नाही.

एक अडचणीची गोष्ट मात्र लपवणार नाही. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला आहे. तिथे त्यांनी स्पष्ट म्हटलं आहे की कला आणि कायदा या शाखांतलं शिक्षण आपल्या लोकांना फारसं उपयोगी पडणार नाही, गरज आहे ती विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या वरच्या शिक्षणाची. "बाबासाहेब वकील होते म्हणून मी वकील होणार" असं म्हणणाऱ्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो. त्यांना धक्का बसतो. बसू दे. बाबासाहेबांना काळी कोटधारी मिरवणूक नको होती, त्यांना सत्तेच्या जागा हव्या होत्या, आणि १९४२ साली त्या जागा त्यांना तंत्रज्ञानात दिसत होत्या.

मग १९५६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ लॉ कॉलेज मुंबईत का उघडलं? माझं उत्तर असं. या दोन तारखांच्या मध्ये २६ जानेवारी १९५० आहे. १९४२ साली कायदा म्हणजे इंग्रजांचा आणि मनूचा होता. आठ वर्षांनी तो आपण लिहिलेला झाला. लिहिलेला कायदा कोर्टात टिकवायला माणसं लागतात, हे १९५१ मध्येच दिसून आलं होतं. मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात सुप्रीम कोर्टाने शिक्षणातल्या जातवार जागा रद्द केल्या आणि मग पहिली घटनादुरुस्ती करून कलम १५(४) घालावं लागलं. त्या वेळी कायदेमंत्री बाबासाहेबच होते. कॉलेज-प्रवेशातल्या आरक्षणाचं आजचं घर या १५(४)वर उभं आहे. लॉ कॉलेजच्या फॉर्मवर "एससी"समोर टिक करणाऱ्या प्रत्येकाला हे कलम पाठ हवं.

आता त्या टिककडे, कारण आजच्या यादीतली सर्वात जड वस्तू तीच आहे.

१९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी आली, तारीख १० ऑगस्ट. जातीच्या दाखल्यासाठी आजही "१० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा" मागतात तो यामुळे. (जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखा वहीत लिहून ठेवा.) त्या आदेशात एक अट होती : हिंदू असाल तरच. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात दीक्षा घेतलेले लाखो लोक दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या यादीत अनुसूचित जातीचे राहिले नाहीत. ज्या वर्षी आपलं लॉ कॉलेज उघडलं त्याच वर्षी आपल्या पोरांचा केंद्रीय हक्क गेला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राची यादी बौद्धांना खुली व्हायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं. या चौतीस वर्षांत किती घरांनी पोराच्या भवितव्यासाठी दाखल्यावर "हिंदू महार" राहू दिलं आणि घरात बुद्धवंदना केली, हे आपल्या प्रत्येकाला आपल्याच वाड्या-वस्त्यांतून माहीत आहे. त्यांच्यावर भाषणातून तोंडसुख घेणाऱ्यांनी आधी तो आदेश वाचावा.

दाखल्यानंतर व्हॅलिडिटी. तिचं मूळ महाराष्ट्रातल्याच एका मेडिकल प्रवेशात आहे. शाळेच्या नोंदीत हिंदू कोळी आणि दाव्यात महादेव कोळी, असं ते प्रकरण. कुमारी माधुरी पाटील खटल्यात १९९४ साली सुप्रीम कोर्टाने पडताळणी समित्या आणि दक्षता पथकांची पद्धत घालून दिली. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा पळवणारे होते, आहेत, त्यामुळे पडताळणीच नको असं मी म्हणणार नाही. त्याच निकालात असंही सांगितलं होतं की अर्ज प्रवेशाच्या किमान सहा महिने आधी करावा. मग राज्याने स्वतःचा कायदा केला, तो २००१ पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम ८ ने जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकला.

इथे जरा थांबा आणि चवदार तळ्याचा खटला आठवा. महाडच्या सवर्णांनी कोर्टात दावा केला होता की अस्पृश्यांनी तळ्याला शिवायचं नाही ही अनादी काळापासूनची रूढी आहे. बाबासाहेबांनी दहा वर्षं तो लढवला. १७ मार्च १९३७ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की ही रूढी अनादी आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही. म्हणजे तिथे पुराव्याचा भार त्यांच्यावर होता आणि तो त्यांना पेलला नाही. आज भार आपल्यावर आहे. पाणी नाकारताना आजोबांची जात विचारायला कुणी कागद मागितला नव्हता. सारा गाव सांगत होता. नातीला लॉ कॉलेजात बसायचं तर त्याच आजोबांची जात कोतवाल बुकातून, गाव नमुना १४ मधून, शाळेच्या जनरल रजिस्टरमधून शोधून आणावी लागते. आणि सगळ्यात भक्कम कागद कोणता सापडतो? महार वतनाचा. ज्या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कौन्सिलात बिल आणलं, त्याच वतनाच्या नोंदी आज आपल्या हक्काचा पुरावा म्हणून झेरॉक्स कराव्या लागतात. मराठवाड्यातल्या घरांना तर हे कागद उर्दूत किंवा मोडीत मिळतात आणि वाचणारा माणूस शोधत फिरावं लागतं.

कायद्याने इथेही काही दिलेलं आहे, ते माहीत असावं. वडिलांची किंवा वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची व्हॅलिडिटी झालेली असेल, आणि ती फसवणुकीने घेतलेली नसेल, तर समितीने तुमची अडवू नये, असं मुंबई हायकोर्टाने अपूर्वा निचळे खटल्यात २०१० मध्ये सांगितलं आहे. चुलत्याची व्हॅलिडिटी कपाटात पडलेली असते आणि पुतणी नव्याने पन्नास कागद गोळा करत असते, हे मी कितीदा पाहिलं आहे. भावकीत भांडण असेल तर ते ॲडमिशनपुरतं मिटवा.

गुणांच्या अटीकडे येऊ. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या लीगल एज्युकेशन रूल्सनुसार पाच वर्षांच्या कोर्सला बारावी आणि तीन वर्षांच्या कोर्सला कोणत्याही शाखेची पदवी लागते. किमान गुण खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४०. बस्स. "लॉला सायन्स लागतं", "आर्ट्सवाल्यांना प्रवेश नाही", "बारावीला इंग्लिश मीडियम हवं", यातलं काहीही नियमात नाही. नियमात जे आहे आणि ज्याने आपली पोरं खरोखर अडकतात ते दुसरंच आहे. दहावी-बारावी न करता मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट पदवी घेतलेल्याला लॉला प्रवेश नाही. कंपनीत काम करत, शिफ्ट सांभाळत बी.ए. झालेला तिशीतला माणूस फॉर्म भरायला येतो आणि तिथे त्याला हे कळतं. दहावी-बारावी करून, अगदी बाहेरून बसून केलेली असली तरी, मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर ही अडचण नाही. हा फरक पदवीला नाव घालायच्या आधी सांगणारा माणूस वस्तीत हवा.

त्याच २००८च्या नियमांत वयाचीही अट होती : पाच वर्षांच्या कोर्सला २० आणि तीन वर्षांच्या कोर्सला ३०, आरक्षित प्रवर्गांना थोडी सूट. ती मागे घेतली गेली, २०१६ मध्ये पुन्हा पुढे आली आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिला स्थगिती दिली. पैशासाठी शिक्षण मध्येच सोडून कमवायला लागणारी आणि दहा वर्षांनी परत येणारी माणसं कोणत्या समाजाची असतात हे सांगायला नको. बाबासाहेबांचीच १९१७ ते १९२० ही वर्षं आजच्या भाषेत "गॅप" आहेत.

महाराष्ट्रात लॉची सीईटी २०१६ मध्ये आली. त्याआधी मार्कांवर प्रवेश होत असे आणि कॉलेजच्या कट्ट्यावरच्या ओळखीवरही होत असे. त्यामुळे एकच परीक्षा, एकच केंद्रीय यादी ही सुधारणाच होती असं मी मानतो. पेपर मराठीतूनही मिळतो, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. एवढं ऐकून आपण खूश होतो. पण तीन वर्षांच्या कोर्सच्या पेपरची आजची विभागणी बघा. एकूण प्रश्न १२०. त्यात कायद्याचा कल तपासणारे २४, तर्काचे २४, सामान्य ज्ञानाचे ३२ आणि इंग्रजीचे ४०. पेपर मराठीत, पण तीन गुणांमागे एक गुण इंग्रजीचा. कायद्याचा कल जितका मोजला जातो त्यापेक्षा इंग्रजी जास्त मोजली जाते. राज्यातल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. ॲट्रॉसिटीची फिर्याद मराठीत लिहिली जाते, पंचनामा मराठीत होतो, साक्षीदार मराठीत उलटतो. ज्या मुलाला मराठीत उलटतपासणी घेता येईल तो या चाळीस प्रश्नांवर अडतो. इंग्रजी शिकू नका असं मी म्हणत नाही. हायकोर्टात तिच्याशिवाय चालत नाही, आणि बाबासाहेबांची इंग्रजी कशी होती हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. प्रश्न एवढाच आहे की ती कॉलेजात शिकवायची गोष्ट आहे की दारात मागायची.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट तर २००८ पासून इंग्रजीतच होते. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत, कायदा २०१४चा. मराठी जनतेच्या कराच्या पैशातून उभ्या राहिलेल्या या संस्थांच्या दारात मराठीला जागा नाही. फॉर्मची फी अलीकडे खुल्या प्रवर्गाला ४,००० आणि अनुसूचित जाती-जमातींना ३,५००. नुसता फॉर्म भरायचे साडेतीन हजार, सनद घ्यायचे सव्वाशे! सनदेची फी संसदेने ठरवली, फॉर्मची फी विद्यापीठांच्या संघाने. कोण ठरवतं यावर किती फरक पडतो ते बघा.

पैशाच्या बाबतीत दोनच गोष्टी. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे आणि तिच्यामागे बाबासाहेबांचं १९४२चं तेच निवेदन आहे. आज तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे. केंद्राच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे : पात्र विद्यार्थ्याकडून आधी फी न घेता प्रवेश द्यायचा. दुसरी गोष्ट, पर्याय भरताना कॉलेजचा दर्जा बघा. अल्पसंख्याक संस्थांना घटनेच्या कलम १५(५) ने आरक्षणातून वगळलं आहे. नाव मोठं म्हणून अशी कॉलेजं यादीत वर टाकायची आणि मग "एससीची सीट का दाखवत नाही" म्हणून रडायचं, असं करू नका.

मागे एका मुलीबरोबर मी एका कॉलेजच्या खिडकीवर गेलो होतो. राउंडमध्ये सीट लागलेली, कागद पूर्ण, तरी बाई म्हणाल्या, "आधी पूर्ण फी भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ." वडील गवंडीकाम करणारे. ते परत जायला वळले होते. मुलगी मात्र हलली नाही. तिने विचारलं, "मॅडम, हे कोणत्या नियमात आहे? तेवढं लिहून द्या, मी जाते." लिहून कुणी दिलं नाही. आत फोन झाला, अर्धा तास बसवून ठेवलं, आणि ॲडमिशन झाली.

यंदा ज्यांची अकरावी सुरू होते आहे त्यांनी व्हॅलिडिटीचा अर्ज याच वर्षी कॉलेजच्या पत्रासह समितीकडे द्यावा. पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांनी सीईटीची जाहिरात यायची वाट न बघता आजच द्यावा. अर्जाची पोच घ्यावी. तिच्यावर तारीख आणि शिक्का असल्याशिवाय खिडकी सोडू नये.